रजेतला परवाना

मला गाडी चालवता येते. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या इमारतीत, माझ्या ऑफिसात आणि विशेषतः माझ्या सासुरवाडीत याबद्दल दुमत आहे. माझ्याकडे सरकारी शिक्क्याचा परवाना आहे आणि त्यावर माझाच फोटो आहे. फोटोत मी घाबरलेला दिसतो, पण तो काळच तसा होता.

माझे सासरे वाहन परीक्षक होते. समोरच्या माणसाला गाडी चालवता येते की नाही हे ठरवून शिक्का मारायचा, ही त्यांची नोकरी. त्यांनी मला तीनदा नापास केलं. पहिल्यांदा गाडी चढावर बंद पडली. दुसऱ्यांदा मी खांब पाडला, आणि तो खांब पाडू नये एवढ्यासाठीच तिथे उभा केलेला होता. तिसऱ्यांदा मात्र सगळं जमलं. गाडी बरोबर रेघेवर थांबवली, खाली उतरलो, साहेबांचे आभार मानले आणि चालू लागलो, तर गाडी माझ्या मागोमाग येऊ लागली. हँडब्रेक राहिला होता. या सगळ्या खेपांमध्ये साहेबांचा डबा घेऊन येणारी त्यांची मुलगी मला दिसायची, आणि माझं लक्ष उडायचं ते त्यामुळेच असं मी आजही म्हणतो. ती म्हणते, तिसऱ्या दिवशी ती आलीच नव्हती.

चौथ्यांदा मी पास झालो, कारण साहेब त्या आठवड्यात रजेवर होते. रजा मुलीच्या लग्नाच्या तयारीसाठी होती आणि नवरदेव मी होतो. बावीस वर्षं झाली, सासरे माझ्या परवान्याला 'रजेतला परवाना' म्हणतात, आणि मी चालवत असलेल्या गाडीत ते एकदाही बसलेले नाहीत. तसा त्यांचा कोणावरच विश्वास नाही. बसने जायचं असलं तरी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ताठ बसतात आणि उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबत राहतात. प्रवासात त्यांचा डोळा लागलेला कोणी पाहिलेला नाही.

त्यांची एक जुनी जीप आहे. बायको त्याच जीपवर गाडी शिकली आणि पहिल्या खेपेला पास झाली, हे आमच्या घरात महिन्यातून एकदा तरी निघतं. यंदा सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी क्लच कायमचा बंद केला. जीपचं काय करायचं, हा प्रश्न आला. तिला दोन उमेदवार होते. एक मी. दुसरे आमच्या इमारतीतले कॅप्टन.

कॅप्टन हे कुठल्याही सैन्यात नव्हते. ते वातानुकूलन यंत्रांचे इंजिनिअर आहेत. पण इमारतीतल्या गाडीवाल्यांचा एक गट त्यांनी केला, त्याला टोप्या वाटल्या, आणि स्वतःच्या टोपीवर 'कॅप्टन' लिहून घेतलं. त्यांची गाडी एवढी मोठी आहे की आमच्या गल्लीच्या टोकाला जी एकच वळायची जागा होती, ती आता त्या गाडीची राहायची जागा आहे. त्यामुळे गल्लीत गाडी ठेवणाऱ्या बाकीच्यांना ती मागे मागेच बाहेर काढावी लागते. गाडी आमच्याकडे बायकोची आहे आणि चालवतेही तीच, पण रोज सकाळी ती गल्लीबाहेर काढायचं काम माझ्याकडे. दोन्हीकडे भिंती, एक कायमची लावून ठेवलेली सायकल, एक उघडं गटार आणि दुधाच्या क्रेट. मी गाडी मुख्य रस्त्यापर्यंत मागे नेतो, उतरतो, बायको स्टिअरिंगवर बसते आणि आम्ही ऑफिसला जातो. असं अकरा वर्षं चाललंय. याला कोणी ड्रायव्हिंग म्हणत नाही. मीही म्हणत नव्हतो.

सासरे आमच्याकडे आले की कॅप्टन त्यांना सारखे म्हणायचे, "जीप मला द्या. मी तिचं सोनं करतो." म्हणजे तिला नवा रंग, छतावर सहा दिवे आणि पुढे लोखंडी मुसकं. बायकोच्या डोळ्यात पाणी यायचं, पण ती वडिलांपाशी एक शब्द बोलली नाही. मला मात्र म्हणाली, "मी मागितली तर बाबा लगेच देतील. पण मला ती तुम्हाला मिळायला हवी आहे." बावीस वर्षांत तिने माझ्याकडे दागिना मागितला नाही, आणि मागून मागितलं ते हे.

मी धीर करून सासऱ्यांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला. "डोंगरावरच्या मनोऱ्यापर्यंत जीप न्यायची आणि धड परत आणायची. मी शेजारी बसेन. जमलं तर चावी तुमची. नाहीतर कॅप्टन आहेतच."

योगायोगाने कॅप्टनांच्या गटाची सहल त्याच मनोऱ्याला निघाली होती. एकूण चार गाड्या: कॅप्टन, दाताचे डॉक्टर, करसल्लागार आणि आता आम्ही. वाट वनखात्याची, सगळी दगडगोट्यांची, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. सहलीला पंधरा दिवस होते आणि या पंधरा दिवसांत इमारतीतला प्रत्येक माणूस मला सल्ला देऊन गेला. टायरमधली हवा कमी करा, असं डॉक्टर म्हणाले. हवा वाढवा, असं करसल्लागार म्हणाले. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, हवेला हात लावू नका, सकाळी पोट साफ ठेवा. पुढे प्रत्यक्षात यातला आजींचाच सल्ला उपयोगी पडला.

वाटेसाठी वनखात्याचा परवाना लागतो. कॅप्टन म्हणाले, "अर्ज तुम्हीच भरा. तुम्हाला त्या भाषेची सवय." हे खरं आहे. मी सव्वीस वर्षं नोंदणी विभागात आहे, आता हेडक्लार्क आहे, आणि माझ्या टेबलावरून गेलेला अर्ज आजवर त्रुटीसाठी परत आलेला नाही. वनखात्याच्या अर्जात अकरावा रकाना होता: 'वाहनांचा क्रम'. इतर कोणी काहीही लिहिलं असतं. पण ज्याने आयुष्यभर फायली चढत्या क्रमाने लावल्या, त्याचा हात दुसरं काही करतच नाही. मी चारही गाड्यांचे नंबर चढत्या क्रमाने लिहिले, खाली रेघ मारली, सही केली आणि परवाना तिसऱ्या दिवशी हातात आला. कॅप्टनांनी माझी पाठ थोपटली. परवाना कोणीच वाचला नाही. मीही नाही, कारण स्वतःच्या अक्षरावर माझा पूर्ण विश्वास आहे.

सहलीच्या दिवशी नाक्यावर वनरक्षकाने तो वाचला. बारीक चणीचा, मिशा नीट कातरलेला माणूस. गाड्यांकडे बघत म्हणाला, "जीप पुढे घ्या."

कॅप्टन हसले. "अहो, पुढे मी आहे. मी कॅप्टन."

"परवान्यात जीप पहिली. मग ही पांढरी, मग ती लाल, तुमची शेवटची. वाहने नमूद क्रमानेच जातील, असं खाली छापलंय."

जीपचा नंबर चाळीस वर्षांपूर्वीचा. साहजिकच सगळ्यात लहान. कॅप्टन माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "हेडक्लार्क, सांगा यांना, हा नुसता फॉर्म आहे म्हणून."

इथे मी तोंड बंद ठेवायला हवं होतं किंवा कॅप्टनांची बाजू घ्यायला हवी होती. पण 'नुसता फॉर्म' हे शब्द कानावर पडले आणि माझ्यातला सव्वीस वर्षांचा नोकर उठून उभा राहिला. मी म्हणालो, "रक्षकांचं बरोबर आहे. बदल हवा असेल तर दुरुस्तीचा अर्ज करावा लागेल, आणि त्यावर साहेबांची सही लागेल."

"साहेब सोमवारी येतात," रक्षक म्हणाला. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशा नजरेने आमच्या ऑफिसात मला कोणी पाहत नाही. मग तो पहिल्या वाहनात बसायच्या नियमाप्रमाणे आमच्या जीपमध्ये मागे, बायकोच्या शेजारी येऊन बसला. अशा रीतीने, सगळ्यात कच्चा चालक सगळ्यांच्या पुढे निघाला, आणि त्याची व्यवस्था त्याने स्वतः सुवाच्य अक्षरात केली होती.

सासरे माझ्या शेजारी बसले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी खिशातून एक वही काढली. मी जीप सुरू केली. त्यांनी काहीतरी लिहिलं.

"बाबा, अजून मी निघालोही नाही."

"आरसा पाहिला नाहीत," ते म्हणाले.

कॅप्टनांनी प्रत्येक गाडीत एकेक वॉकीटॉकी दिला होता. बटण दाबून बोलायचं आणि सोडून ऐकायचं, एवढंच. आमचा वॉकीटॉकी मी दोन सीटांच्या मध्ये ठेवला. पहिल्या खडकावर जीप उडाली, सासरे थोडे सरकले आणि पुढची चाळीस मिनिटं ते वॉकीटॉकीच्या बटणावर बसून होते. आमच्या हे लक्षात आलं नाही. आमच्याकडे कोणाचाच आवाज येत नव्हता, म्हणून मला वाटलं, सगळं कसं शिस्तीत चाललंय.

पहिल्या चढावर जीप बंद पडली.

"तिथेच पडली होती," सासरे म्हणाले. "चोवीस वर्षांपूर्वी. पहिल्या परीक्षेत."

"तो चढ वेगळा होता, बाबा."

"माणूस तोच होता."

बायको मागून म्हणाली, "बाबा, त्यांना निवांत चालवू द्या. तीनदा नापास केलंत ते पुरे नाही का? आणि अहो, तुम्ही त्या कॅप्टनांचा विचार करू नका. मोठी गाडी घेतली म्हणजे अक्कल येते असं नाही. माणसाला वळायची एक जागा होती, तीही अडवून बसलाय अकरा वर्षं. टोपीखाली केस नाहीत म्हणून टोपी घालतो तो."

रक्षक कुतूहलाने म्हणाला, "साहेब तीनदा नापास?"

"तिसऱ्यांदा तर गाडी यांच्या मागे चालत आली," सासरे म्हणाले, आणि त्यांनी तो प्रसंग पहिल्यापासून सांगितला. ते फार चांगलं सांगतात. रक्षक इतका हसला की त्याची टोपी पडली.

पाणी प्यायला थांबलो तेव्हा मागच्या तीन गाड्यांतून लोक उतरले आणि कोणीच माझ्याकडे सरळ बघेना. डॉक्टर ओठ दाबून ढगांकडे पाहत होते. करसल्लागारांची बायको येऊन माझ्या बायकोला म्हणाली, "हँडब्रेक ओढलाय ना त्यांनी? आम्ही मागेच आहोत." कॅप्टनांनी टोपी काढून हातात घेतली होती. खरंच केस नव्हते. सासरे उठले तेव्हा वॉकीटॉकीतून 'टुक्' असा आवाज झाला आणि चाळीस मिनिटांनी आमच्याकडे पहिला शब्द आला. डॉक्टरांच्या गाडीत मागे राहिलेली त्यांची मुलगी विचारत होती, "संपलं?"

मी इमारतीत अकरा वर्षं सांगत आलो होतो की मी पहिल्या खेपेला पास झालो. ती अब्रू अशी एका बैठकीत गेली. मी जीपमध्ये बसलो. आता मला फक्त मनोरा गाठायचा होता.

त्यानंतरची वाट मी कशी चालवली, ते मला आठवत नाही. सासऱ्यांच्या वहीची पानं उलटत होती आणि त्यांचा उजवा पाय जीपच्या पत्र्यावर सारखा दाबला जात होता, एवढं आठवतं. पण जीप चढत होती. मनोरा दिसायला लागला. शेवटच्या वळणावर मी वळलो आणि थांबलो. वाटेत दरड आली होती. मधोमध हत्तीएवढा धोंडा आणि भोवती मुरूम. मनोरा त्याच्या पलीकडे, पाच मिनिटांवर.

कॅप्टन मागून धावत आले. त्यांनी धोंड्याभोवती एक चक्कर मारली, लोखंडी दोर मागवला, धोंड्याला बांधला आणि दुसरं टोक करसल्लागारांच्या गाडीच्या पुढे असलेल्या दोर गुंडाळायच्या यंत्राला लावलं, कारण ती आमच्या लगेच मागे होती. यंत्र सुरू झालं. धोंडा हलला नाही. करसल्लागारांची गाडी मात्र हळूहळू धोंड्याकडे जाऊ लागली, आणि मध्ये आमची जीप होती. करसल्लागार सभ्य माणूस आहे, पण त्यावेळी तो जे बोलला ते माझ्या बायकोने कानांवर हात ठेवून ऐकलं.

रक्षकाने घड्याळ पाहिलं. "पाचला नाका बंद होतो. परत फिरा."

फिरणार कुठे? वाट एका गाडीएवढी. खाली पाऊण किलोमीटरवर एक सपाटी होती, तिथे वळता आलं असतं. तिथपर्यंत चारही गाड्या मागे मागे न्यायच्या. आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे आता सगळ्यात आधी, कॅप्टन.

कॅप्टन गाडीत बसले. त्यांच्या गाडीला मागे कॅमेरा आहे. त्यावर चिखल बसला होता. जवळ काही आलं की गाडी शिट्टी वाजवते. इथे एका बाजूला कडा होता आणि दरीच्या बाजूलाही माणसाएवढे खडक होते, त्यामुळे शिट्टी थांबेचना. त्या शिट्टीत कॅप्टन दहा फूट मागे गेले आणि मागचं डावं चाक दरीच्या काठावरच्या खळग्यात गेलं. ते स्टिअरिंगवरून हात काढून बसून राहिले. डॉक्टर म्हणाले, "मला तर मागे घेताच येत नाही. मी नेहमी वळवून लावतो." करसल्लागारांनी मान हलवली. तेही वळवूनच लावत. दोघांनाही इमारतीच्या मागच्या रस्त्यावर स्वतंत्र फाटक आहे, गल्लीत यावंच लागत नाही.

मी वाटेकडे पाहिलं. दोन्हीकडे भिंत. एका बाजूला खळगा, म्हणजे गटार. मध्ये बाहेर आलेला दगड, साधारण सायकलीएवढा. पुढे झुडपं, दुधाच्या क्रेट असतात तेवढ्याच उंचीची. मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं.

मी कॅप्टनांच्या काचेवर टकटक केलं. "मी घेऊ का?"

ते शेजारच्या सीटवर सरकले. मी त्यांचीच टोपी मागितली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर टांगली. शिट्टी बंद करायला लावली. मग डावा हात शेजारच्या सीटवर टाकला, मान मागे वळवली आणि निघालो. खळग्यातून चाक काढायला थोडं पुढे, मग मागे. दगडापाशी उजवीकडे चिकटून. झुडपांपाशी अगदी सरळ. मी रोज सकाळी याच वेगाने, याच मानेने जातो, फरक एवढाच की तिथे दूधवाला असतो. सपाटीवर गाडी वळवून दिली आणि परत वर चालत गेलो. मग डॉक्टरांची आणली. मग करसल्लागारांची, जी आता दोराशिवाय होती. प्रत्येक खेपेला वर चढताना सासरे एका खडकावर बसलेले दिसत. वही गुडघ्यावर होती, पण पेन्सिल कानावर होती.

शेवटी जीप. सासरे चढून बसले. मी हात त्यांच्या सीटमागे टाकला आणि मागे बघत निघालो. ते पुढे बघत होते. अर्ध्या वाटेवर ते म्हणाले, "हे कुठे शिकलात?"

"आमच्या गल्लीत, बाबा. हिशेब केला तर तीनशे किलोमीटर झालं असेल."

दगडापाशी मी सवयीने त्यांच्या पायाकडे पाहिलं. तो पत्र्यावर नुसता ठेवलेला होता. दाबत नव्हता.

नाक्यावर रक्षक रजिस्टर घेऊन अडून बसला. "परत येताना क्रम बदलला. परवान्यात तसं नाही."

"शेरा लिहा," मी म्हणालो, "परतीचा क्रम उतरता."

त्याने तो शेरा मोठ्या समाधानाने लिहिला आणि माझी सही घेतली.

पण माझं समाधान तिथेच संपलं. गाडी घराकडे लागली आणि मला आठवलं की अट मनोऱ्याची होती. मनोरा आम्ही गाठलाच नव्हता. मी सासऱ्यांना विचारणार होतो, म्हणून मान वळवली. ती दिवसभराच्या कामाने कुरकुरली. सासरे मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, वहीत बेरीज करतायत. मग घोरण्याचा आवाज आला. बायकोने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "हळू चालवा. झोपलेत." तिचा आवाज भरून आला होता. माझंही तेच झालं, पण समोर ट्रक होता.

गल्लीत शिरलो. गल्लीच्या टोकाची जागा रिकामी होती. कॅप्टन आमच्या आधी पोचले होते, आणि त्यांनी आपली गाडी बाहेर मुख्य रस्त्यावर लावली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी सरळ आत गेलो आणि गाडी वळवली. सवय नसल्यामुळे दोनदा बंद पडली. सासरे जागे झाले नाहीत. मी इंजिन बंद केलं. बायको आणि मी तसेच बसून राहिलो. त्यांना उठवावं असं वाटेना.

"हँडब्रेक," सासरे डोळे मिटूनच म्हणाले.

मी ओढला.

"आता चावी काढा."

मी चावी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी डोळे उघडले नाहीत. बराच वेळ थांबलो, पण हात काही पुढे आला नाही. शेवटी बायको म्हणाली, "अहो, खिशात ठेवा ना."